नक्कल, निर्बंध आणि नाद : पोलिश जॅझ व मुंबई परिसरातील जॅझप्रभावित गीतसंगीत यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

कोल्हापूरच्या पूर्वेस वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, या गावाजवळ पोलिश निर्वासितांसाठी छावणी उभारण्यात आली. सोव्हिएत राजवटीने १९४० च्या सुमारास सैबेरियात व मध्य आशियात हद्दपार केलेली, १९४१ च्या करारानंतर सुटका होऊन इराणमार्गे भारतात पोहोचलेली ही माणसे होती. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. सुमारे ५,००० पोलिश निर्वासित येथे राहिले. शाळा, चर्च, दवाखाना, स्काऊट पथके व रंगमंच असे सारे काही या वसाहतीत होते. १९४८ पर्यंत ही वसाहत रिकामी झाली आणि त्याच बराकींमध्ये फाळणीमुळे घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे राहावयास आली. आज कापडाच्या घाऊक व्यापारासाठी ख्यातनाम असलेले गांधीनगर ते हेच.

याच सुमारास कल्याणजवळच्या लष्करी संक्रमण छावणीतही सिंधी निर्वासित येऊन स्थिरावत होते. त्या छावणीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. गांधीनगर व उल्हासनगर ही दोन्ही नगरे युद्धाने बांधली आणि फाळणीने वसविली. त्यांपैकी एकीच्या भिंतींनी सिंधीच्या आधी पोलिश भाषा ऐकलेली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील अभ्यासकांना पोलंड हा देश वाटतो तितका परका नाही, हे या एका तपशिलावरून ध्यानात यावे.

वळिवड्याच्या छावणीतून जॅझ संगीत महाराष्ट्रात आले, असा कोणताही दावा येथे करावयाचा नाही. मात्र पोलंडमधील जॅझ आणि मुंबईतील जॅझप्रभावित चित्रपटगीत यांच्या इतिहासात एक विलक्षण समांतरता आढळते. दोन्हीकडे हे संगीत बाहेरून आले आणि त्यावर नक्कल असल्याचा आरोप झाला. दोन्हीकडे शासनाने ते श्रोत्यांपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला, आणि श्रोत्यांनी परदेशी आकाशवाणी केंद्राकडे कान लावून तो प्रयत्न निष्फळ ठरविला. पुढे मात्र दोहोंच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्या का वेगळ्या झाल्या, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न होय.

नक्कल या आरोपाविषयी

उल्हासनगरला नक्कल हा शब्द नवा नाही. येथे तयार होणाऱ्या मालावरील 'यू.एस.ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावणारा विनोद मुंबईत अनेक दशके सांगितला जात आहे. विनोद सांगणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की, ज्यांचे कारखाने, पेढ्या व जमिनी सीमेपलीकडे राहिल्या, त्यांनी बराकीच्या खोलीत यंत्र मांडून जे हाती लागले ते बनविले. बनविता बनविता त्यांचे हात तयार झाले. कारागिरीच्या इतिहासात नक्कल ही बहुधा पहिली पायरी असते. संगीतातही तसेच आहे. आपल्याकडील गुरुमुखातून घेतलेली तालीम आरंभी अनुकरणच असते.

येथे जॅझच्या स्वरूपाविषयी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स परिसरातील कृष्णवर्णीयांच्या संगीतातून जॅझ आकारास आले. त्यात एखादी धून व तिच्यामागील स्वरसंवादांची ठराविक मालिका घेऊन वादक तिच्या प्रत्येक आवर्तनात नवी स्वररचना तत्काळ करीत जातो. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला हे उपज, बढत या शब्दांनी सहज समजते. फरक असा की, आपल्याकडे आधाराला एक षड्ज व एक राग असतो, तर जॅझमध्ये पायाखालचा स्वरसंवाद सतत बदलत असतो. म्हणजे चालत्या गाडीत उभे राहून लिहिण्यासारखे हे काम आहे! अमेरिकन धून तशीच वाजविली तर ती नक्कल ठरेल. पण तिच्यावरील उपज वादकाच्या कानावर झालेल्या संस्कारांतूनच येते. म्हणून पोलिश वादकाचे जॅझ पोलिश होते आणि गोमंतकीय वादकाचे गोमंतकीय.

पोलंड : तळघरातील संगीत

महायुद्धापूर्वी वॉर्सातील उपाहारगृहांत व नृत्यगृहांत जॅझ वाजत असे. बर्लिनमध्ये पोलिश ज्यू कुटुंबात जन्मलेला (१९१०) एडी रोझनर हा ट्रम्पेटवादक नाझींमुळे जर्मनी सोडून पोलंडमध्ये आला. त्यास 'गोरा आर्मस्ट्राँग' म्हटले जाई. १९३९ मध्ये जर्मन आक्रमणानंतर तो सोव्हिएत हद्दीत गेला. तेथे प्रथम मानमरातब आणि १९४६ मध्ये अटक, असे त्याच्या वाट्याला आले. १९५४ पर्यंत तो श्रमछावण्यांत होता. वळिवड्याला पोहोचलेली माणसे ज्या भूप्रदेशातून सुटून आली, त्याच भूप्रदेशाकडे हा वादक नेला गेला.

युद्धानंतर वॉर्सा व वूज येथील वाय.एम.सी.ए.च्या सभागृहांत जॅझ पुन्हा सुरू झाले. लेखक लेओपोल्द तिर्मांद हा या चळवळीचा प्रमुख संघटक होता. परंतु १९४९ मध्ये समाजवादी वास्तववादाचे धोरण कलाक्षेत्रावर लादले गेले, वाय.एम.सी.ए. बंद करण्यात आली आणि जॅझ हे साम्राज्यवादी अमेरिकेचे अपत्य ठरले. त्यानंतरची काही वर्षे पोलिश संगीतेतिहासात 'तळघरांचा काळ' म्हणून ओळखली जातात. जॅझ खासगी घरांत, निवडक मित्रांसमोर वाजत राहिले.

या काळात तयार झालेला सर्वांत महत्त्वाचा संगीतकार म्हणजे क्शिश्तोफ कोमेदा. १९३१ साली पोझ्नान येथे जन्मलेला हा मनुष्य व्यवसायाने कान-नाक-घशाचा डॉक्टर होता व त्याचे खरे आडनाव त्शचिन्स्की होते. रुग्णालयातील सहकाऱ्यांना आपण जॅझ वाजवितो हे कळू नये, म्हणून त्याने 'कोमेदा' हे नाव धारण केले. स्टालिनच्या मृत्यूनंतर (१९५३) वातावरण निवळले. ऑगस्ट १९५६ मध्ये बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावरील सोपोत येथे पहिला मोठा जॅझ महोत्सव भरला व कोमेदाचे वादन तेथे गाजले. १९५८ पासून वॉर्सात 'जॅझ जंबोरी' हा महोत्सव सुरू झाला.

या सर्व काळात पोलिश तरुणांचा गुरू रेडिओ हाच होता. १९५५ मध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कॉनोव्हर याचा जॅझ कार्यक्रम सुरू झाला. इंग्रजी कच्चे असणाऱ्यांनाही समजावे म्हणून तो सावकाश व स्वच्छ उच्चारांत बोलत असे. १९५९ मध्ये तो वॉर्साच्या विमानतळावर उतरला तेव्हा त्याच्या स्वागताला मोठा जमाव लोटला होता. ज्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही अशा आवाजाचे हे स्वागत होते.

मुंबई : दारूबंदी आणि आकाशवाणी

मुंबईत १९३५ मध्ये लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे वादकही तेथे येऊन गेले. या वृंदांच्या शेजारी बसून, त्यांच्या रिकाम्या जागा भरत, गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपीचे वाचन व व्हायोलिनचे शिक्षण मिळे. ही पोर्तुगीज राजवटीतील एक दुय्यम व्यवस्था मुंबईच्या संगीतव्यवसायाचा कणा ठरली. आल्दोना येथील आंतोनियो शावियेर वाझ (१९१६–१९६७) हा ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्धीस आला. त्यास 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. पोलंडमध्ये एक आर्मस्ट्राँग, मुंबईत दुसरा. परिधावरची प्रतिभा केंद्रातील नावानेच ओळखली जाते, हे दोन्ही उदाहरणांत दिसते.

स्वातंत्र्यानंतर दोन निर्णयांनी या संगीताचे भवितव्य ठरविले. पहिला म्हणजे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. हॉटेलांतील नृत्यगृहांचे अर्थकारण मद्यविक्रीवर उभे होते. ते कोसळल्यावर वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळणे भाग पडले. जॅझवर थेट बंदी नव्हती, परंतु त्याचे घर मात्र गेले. दुसरा निर्णय केंद्राचा. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे निष्ठावान उपासक होते. चित्रपटगीतांतील पाश्चात्त्य मिश्रण त्यांस हीन अभिरुचीचे वाटे. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी चित्रपटगीतांचे प्रमाण घटविण्यात आले, निर्मात्यांशी वाद विकोपाला गेला आणि आकाशवाणीवरून ही गीते जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. १९५२ च्या अखेरीस अमीन सयानी यांचा 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम तेथे सुरू झाला आणि पाहता पाहता तो उपखंडाचा साप्ताहिक नेम बनला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. पोलंडच्या शासनाने सोपोतच्या महोत्सवास वाव दिला तो १९५६ मध्ये, हे येथे आठवावे. दोन भिन्न राज्यव्यवस्था, एक साम्यवादी व एक लोकशाही, साधारण एकाच वेळी आपल्या श्रोत्यांपुढे नमल्या.

केसकरांचा विचार मात्र सरसकट टाकून देता येणार नाही. आकाशवाणीच्या संगीत संमेलनांमुळे संस्थानांच्या विलीनीकरणानंतर निराधार झालेल्या अनेक गायक-वादकांना श्रोते व उत्पन्न मिळाले, हे श्रेय त्यांच्या कारकिर्दीचेच आहे. चूक झाली ती अभिरुची घडविण्याचे व अभिरुची ठरविण्याचे काम एकच मानण्यात. राज्यसंस्थेला शास्त्रीय संगीताचा प्रसार करता आला. त्या बदल्यात दुसरे संगीत काढून घेण्याचा अधिकार तिला कोणी दिला, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. आजही महाविद्यालयीन स्पर्धांच्या नियमावल्यांत 'भारतीय' व 'पाश्चात्त्य' असे दोन स्वच्छ रकाने आखले जातात, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. सी. रामचंद्रांना त्यांतील कोणत्या रकान्यात बसवावयाचे?

चितळकर आणि त्यांचे गोमंतकीय साथीदार

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. म्हणजे पलुसकर परंपरेत वाढलेला हा विद्यार्थी. त्यानेच 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०), 'अलबेला' (१९५१) व 'आशा' (१९५७) या चित्रपटांतून हिंदी गीतात स्विंग, रुंबा व रॉक अँड रोल यांच्या लयी रुजविल्या. 'अलबेला'चे निर्माते-दिग्दर्शक व नायक भगवान पालव, म्हणजे भगवानदादा, हेही मराठीच. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते व 'अलबेला'त ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात.

ही गीते ऐकताना काय ऐकावे, हे अध्यापकांना विद्यार्थ्यांस दाखविता येईल. 'अलबेला'तील नृत्यगीतांत ट्रम्पेट व सॅक्सोफोन हे केवळ मधल्या जागा भरीत नाहीत. गायकाची ओळ संपते न संपते तोच ते तिला उत्तर देतात. हा प्रश्नोत्तराचा प्रकार आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा प्राण होय, आणि तो मराठी श्रोत्याला परका वाटला नाही, कारण कीर्तनातील बुवा व मागील झीलकरी यांचे नातेही असेच असते. 'आशा'तील 'ईना मीना डीका' या गीताच्या जन्मकथेत जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाचा उल्लेख येतो. मुलांच्या खेळातील निरर्थक अक्षरांना त्याने कोकणी नकाराचे शब्द जोडले, असे सांगितले जाते. निरर्थक अक्षरांतून लय उभी करण्याची जॅझमधील रीत, तराण्याची आपली परंपरा आणि कोकणीतला सहज उद्गार, हे तिन्ही प्रवाह तीन मिनिटांच्या गीतात एकत्र आले. याला नक्कल म्हणणे अभ्यासाचा आळस आहे.

त्याच सी. रामचंद्रांनी 'अनारकली' (१९५३) रचला आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी गायिलेल्या, कवी प्रदीप यांच्या 'ऐ मेरे वतन के लोगो' या गीताची चालही त्यांचीच. ज्याच्या संगीतास परकी चवीचे म्हणून हिणविले गेले, त्याच्याच चालीने राष्ट्राच्या शोकाला वाचा दिली. अभिरुचीच्या रक्षकांनी या गोष्टीचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही.

या ध्वनिमुद्रणगृहांतील कार्यपद्धतीही समजून घ्यावी. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. साहाय्यक वा संयोजक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवी, तिच्याखाली स्वरसंवाद मांडी, व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांच्यासाठी स्वतंत्र पाने लिही. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सेबास्टियन डिसोझा करीत. मजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे संयोजक व व्हायोलिनवादक पुढे संगीतकार झालेल्या प्यारेलाल यांचे गुरू होत. फ्रँक फर्नांड (१९१९–२००७) हे कुडचडेचे ट्रम्पेटवादक. त्यांनीच 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट निर्माण केले. चिक चॉकलेट यांना 'नादान' (१९५१) या चित्रपटासाठी स्वतंत्र संगीतकार म्हणून श्रेय मिळाले, परंतु असे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्यास आले.

ध्वनिमुद्रिकेवरील नाव

पोलंड व मुंबई यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या येथे.

१९६५ मध्ये पोलंडच्या शासकीय ध्वनिमुद्रण संस्थेने, पोल्स्किए नाग्रानिया हिने, 'पोलिश जॅझ' ही क्रमांकित ध्वनिमुद्रिका-मालिका सुरू केली. १९८९ पर्यंत तिचे ७६ खंड निघाले. २०१६ मध्ये ती पुन्हा सुरू करण्यात आली. पाचवा खंड म्हणजे डिसेंबर १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला कोमेदाचा 'अस्तिग्माटिक'. युरोपीय जॅझच्या इतिहासात या ध्वनिमुद्रिकेचे स्थान फार वरचे मानले जाते. प्रत्येक खंडावर वादकांची नावे व त्यांची वाद्ये छापलेली असत. ज्या शासनाने १९४९ मध्ये या संगीताला तळघरात लोटले, त्याच शासनाच्या संस्थेने पंधरा-सोळा वर्षांनी त्याची नोंदवही ठेवली. यामागे संगीतप्रेमापेक्षा परदेशात प्रतिष्ठा मिळविण्याचा हेतू अधिक असेलही. नोंद मात्र राहिली. कोमेदा १९६९ मध्ये, लॉस एंजेलिस येथील अपघातानंतर काही महिन्यांनी, वयाच्या ३७ व्या वर्षी निवर्तला. तरीही त्याच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट कोणी वाजविला हे विद्यार्थ्याला आज सांगता येते.

मुंबईत जॅझ चित्रपटगीतात विरघळले. त्यामुळे त्याला पोलंडमधील कोणत्याही वादकाला स्वप्नातही न मिळणारा श्रोतृवर्ग लाभला. उल्हासनगरच्या बराकीत, अंबरनाथच्या कारखान्यांतील कामगारांच्या चाळीत आणि बदलापूरच्या वाड्यात ते एकाच वेळी पोहोचले. पण चित्रपटगीताच्या तबकडीवर गायक, चित्रपट व फार तर संगीतकार यांचीच नावे असत. ट्रम्पेट कोणाचा, संयोजन कोणाचे, हे तबकडी सांगत नाही. या वादकांचा इतिहास बहुतांशी त्यांच्या वृद्धापकाळी घेतलेल्या मुलाखतींवर उभा आहे. ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' (२००८) व नरेश फर्नांडिस यांचा 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे ग्रंथ आले, तोपर्यंत त्यांतील अनेकजण हयात नव्हते. सी. रामचंद्रांचे आत्मचरित्र 'माझ्या जीवनाची सरगम' मराठीत आहे. गोमंतकीय वादकांपैकी किती जणांविषयी मराठीत एखादे स्वतंत्र प्रकरण तरी सापडते?

अपवाद आहेत. शंकर-जयकिशन यांच्या 'रागा जॅझ स्टाइल' (१९६८) या ध्वनिमुद्रिकेत तोडी, भैरव, मालकंस, कलावती ते भैरवी अशा अकरा रागांवर रचना आहेत. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंह व ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो आहेत. ती ऐकताना काही ठिकाणी राग व स्वरसंवाद एकमेकांना वाट देत नाहीत, हे मान्य करावे लागते. सतार आपल्या ठिकाणी थांबते, मग वाद्यवृंद आपले म्हणतो. तथापि 'कलावती'सारख्या पाच स्वरांच्या रागात दोहोंचे छान जमते. शास्त्रीय व जॅझ या दोन्ही अंगांनी वर्गात चर्चा करण्यास ही ध्वनिमुद्रिका उत्तम आहे.

१९५८ : एक दौरा, दोन देश

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन परराष्ट्र खात्याने जॅझ वादकांना दूत म्हणून पाठविले. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा १९५८ चा दौरा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा, कारण तो मार्चमध्ये पोलंडमधून व त्यानंतर भारतातून गेला. पोलंडमध्ये शोपँचे स्मारक पाहिल्यानंतर त्यांनी 'ज्येन्कुये' ही धून रचली. या पोलिश शब्दाचा अर्थ 'आभारी आहे'. मुंबईत सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत त्यांचे वादन झाले व त्याचा आपल्या विचारांवर परिणाम झाल्याचे ब्रुबेक यांनी मान्य केले. 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' (१९५८) या ध्वनिमुद्रिकेत 'ज्येन्कुये' आणि 'कलकत्ता ब्ल्यूज' शेजारी नांदतात. अमेरिकन संगीताचा प्रचार करण्यास निघालेला वादक दोन्ही देशांतून काही घेऊन परतला. प्रचाराचा पैसा खर्च करणाऱ्यांना हे अपेक्षित नसावे.

कार्ले

मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके घेत कर्जतला व तेथून बोरघाट चढून लोणावळ्याला जातो. त्यापुढील मळवली स्थानकाजवळ कार्ल्याची लेणी आहेत. तेथील चैत्यगृह भारतातील खोदीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. लांबी सुमारे १२४ फूट, छत गजपृष्ठाकार, आणि त्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल व धेनुकाकटचे यवन यांची दानलेखे येथे कोरलेली आहेत. परदेशी माणसाने येथे येऊन काही अर्पण करावे, ही या लेण्यांची जुनीच रीत म्हणावयाची.

१९८० मध्ये तोमाश स्तान्को (१९४२–२०१८) या पोलिश ट्रम्पेटवादकाने आग्र्याच्या ताजमहालात व कार्ल्याच्या लेण्यांत एकट्याने वादन करून ते ध्वनिमुद्रित केले. 'म्युझिक फ्रॉम ताज महाल अँड कार्ला केव्ह्ज' ही ती ध्वनिमुद्रिका. स्तान्को हा कोमेदाच्या 'अस्तिग्माटिक'मधील ट्रम्पेटवादक. म्हणजे पोलिश जॅझच्या मुख्य प्रवाहाचा थेट वारसदार कार्ल्याच्या चैत्यात उभा होता. सोबतीला ना ड्रम्स, ना पियानो. साथ होती ती वास्तूच्या निनादाची. एक स्वर सोडावयाचा, त्याची आस पूर्ण होईपर्यंत थांबावयाचे, मग त्या आसेवर दुसरा स्वर ठेवावयाचा. जॅझमध्ये पायाखालचा स्वरसंवाद बदलत असतो असे वर म्हटले. येथे तो बदलणारा पायाच नाही. जे उरले ते आलापाच्या फार जवळ आहे, आणि तरीही स्तान्कोने रागाचे अनुकरण केलेले नाही. त्याचा किंचित घोगरा, शेवटाकडे फाटत जाणारा स्वर त्याचाच राहतो. ज्यांना जॅझ म्हणजे गोंगाट वाटतो, अशा सहकाऱ्यांना आरंभी हीच ध्वनिमुद्रिका ऐकवावी.

महाराष्ट्रातील एका प्रमुख वास्तूत घडलेली ही सांगीतिक घटना मराठी संगीतलेखनात जवळजवळ अनुल्लेखित राहिली. कार्ल्यावरील लेखन पुरातत्त्ववेत्त्यांचे व एकवीरेच्या भक्तांचे; जॅझवरील लेखन इंग्रजीतले. विद्याशाखांच्या भिंतींमुळे असे विषय कोणाचेच राहत नाहीत.

अलीकडील पोलिश ध्वनिमुद्रणे

पोलिश जॅझचे वेगळेपण कोठे आहे? एक तर लोकसंगीतात. अल्टो सॅक्सोफोनवादक झ्बिग्न्येव नामिस्वोव्स्की (१९३९–२०२२) याने 'कुयाव्याक गोज फंकी' (१९७५) मध्ये कुयावी प्रांतातील तीन मात्रांच्या संथ नृत्यलयीस अमेरिकन फंकची चाल दिली. दक्षिणेकडील पोधाले या डोंगराळ भागातील गीतांत तीव्र मध्यम ठळकपणे येतो. तेथील लोकवादकांसमवेतही नामिस्वोव्स्कीने ध्वनिमुद्रण केले. यमनावर वाढलेल्या कानाला तो स्वर लगेच ओळखीचा वाटतो, आणि पुढच्याच क्षणी तो यमन नाही हेही कळते.

दुसरे वेगळेपण सुगम संगीताशी असलेल्या संबंधात. चेस्वाव न्येमेन या लोकप्रिय गायकाच्या 'एनिग्माटिक' (१९७०) या ध्वनिमुद्रिकेत नामिस्वोव्स्की व मिखाव उर्बान्याक हे जॅझ वादक आहेत, आणि त्यांची नावे अर्थातच नोंदलेली आहेत. गायिका आना मारिया योपेक हिने अमेरिकन गिटारवादक पॅट मेथेनी यांच्यासमवेत केलेली 'उपोयेनिए' (२००२) ही ध्वनिमुद्रिका याच परंपरेत मोडते. मेथेनीच्या वाद्यरचनांना पोलिश शब्द देऊन योपेक त्या हलक्या, जवळजवळ पुटपुटल्यासारख्या आवाजात गाते. पोलिश भाषेतील शकार-चकारांची गर्दी तालवाद्याचे काम करते. भाषा न कळणाऱ्या श्रोत्याचा येथे एका अर्थी लाभच होतो, कारण त्याचे लक्ष उच्चाराच्या नादाकडे जाते. या ध्वनिमुद्रिकेचा दोष तिच्या अतिगोडव्यात आहे. सलग ऐकल्यास उत्तरार्धात कान निवांत होऊन झोपी जातो.

स्तान्कोने उतारवयात मार्चिन वासिलेव्स्की (पियानो), स्वावोमिर कुर्क्येविच (बास) व मिखाव मिश्क्येविच (ड्रम्स) या तरुणांना सोबत घेतले. विशीत प्रवेश करण्याच्या सुमारास ते त्याच्याकडे आले होते. 'सोल ऑफ थिंग्ज' (२००२) मध्ये तेरा रचना आहेत आणि त्यांना स्वतंत्र नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. जणू एकाच बंदिशीचे तेरा विस्तार. गुरू कमी स्वर वाजवितो व शिष्यांना जागा देतो. आपल्या मैफलीतही उत्तम गुरू हेच करतो. याच तिघांनी 'ट्रायो' (२००५) मध्ये आइसलंडची गायिका ब्योर्क हिचे एक लोकप्रिय गीत घेऊन त्याची बढत केली. लोकप्रिय गीत व अभिजात विस्तार यांत पायऱ्या मानणाऱ्यांनी ते ऐकावे. लेशेक मोझ्जेर या पियानोवादकाने लार्स डॅनियल्सन (स्वीडन) व झोहर फ्रेस्को (इस्रायल) यांच्यासमवेत केलेली 'द टाइम' (२००५) ही ध्वनिमुद्रिका नव्या श्रोत्याला सर्वांत सुलभ. फ्रेस्कोच्या हाताने वाजणाऱ्या चर्मवाद्यांमुळे तबल्याची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटत नाही.

त्यानंतरच्या पिढीतील व्रोत्स्वाव येथील 'ईएबीएस' या वादकसमूहाने २०१७ मध्ये कोमेदाच्या रचना नव्याने बांधल्या. त्या ज्या ध्वनिमुद्रण संस्थेने प्रसिद्ध केल्या तिचे नावच 'अस्टिग्मॅटिक रेकॉर्ड्स' असे आहे. २०२३ मध्ये याच समूहाने लाहोरच्या 'जौबी' या समूहासमवेत 'इन सर्च ऑफ अ बेटर टुमॉरो' ही ध्वनिमुद्रिका केली. 'जौबी' हे नाव उर्दूतील 'जो भी' या शब्दांवरून घेतलेले आहे. सारंगी व तबला पोलिश कळवाद्यांच्या व ट्रम्पेटच्या शेजारी येथे कोठेही पाहुण्यासारखे बसलेले नाहीत. काही जागी सारंगी मुख्य धून घेते आणि ट्रम्पेट तिच्यामागे झीलकऱ्यासारखा येतो. १९४७ मध्ये सिंधहून निघालेल्या कुटुंबांच्या नातवंडांना, उल्हासनगरच्या जुन्या बराकींच्या जागी उभ्या राहिलेल्या घरांत, सीमेपलीकडची ही सारंगी भ्रमणध्वनीवर ऐकता येते. वेष्टनावर तबलावादकाचे नाव छापलेले आहे.